इराचा कान, माझी चौकशी समिती

इराच्या कानाला जे झालं होतं, ते तीन दिवसांत बरं झालं. मी जे केलं, ते निस्तरायला चार वर्षं लागली.

तेव्हा इरा, माझी मुलगी, सहा वर्षांची होती. बँकेच्या नोकरीमुळे आम्ही कोलकात्याच्या बेहाला भागात राहत होतो. खाली सत्तरीच्या घरमालकीण मासीमा, वर आम्ही. जानेवारीत इराला सर्दी झाली आणि एका सकाळी ती उजवा कान धरून रडायला लागली. मी आणि माझी बायको सुनीता तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी दिव्याच्या नळीतून कानात पाहिलं. मला राहवेना.

"सर्दी नाकात, मग दुखणं कानात कसं?"

"नाकामागून कानाकडे एक नळी जाते, देसाईबाबू. मुलांची आखूड आणि आडवी असते. सर्दीने तुंबते."

"मी बघू?"

त्यांनी बघू दिलं. आत काहीतरी लालसर दिसलं. काही कळलं नाही, पण मी "अच्छा!" म्हणालो. (बँकेत वीस वर्षं हेच करतोय.)

"एकच कान आहे, ताप बेताचा, पू नाही. दुखणं थांबायचं औषध द्या आणि दोन-तीन दिवस वाट बघा."

"अँटिबायोटिक?"

"एखोन लागबे ना. आत्ता गरज नाही, असे बरेच कान आपले आपण बरे होतात. ताप चढला, कान वाहिला किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर लगेच या. मग देऊ."

"पण आत्ताच दिलं तर बिघडेल काय?"

"पोट," डॉक्टर म्हणाले.

सुनीताला पटलं. मला वाटलं, या माणसाने आपल्याला नुसत्या गप्पा मारून परत पाठवलं! आणि आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, गुलाबी अँटिबायोटिकची अर्धी बाटली होती. दिवाळीत इराच्या घशासाठी आणलेली. तिसऱ्या दिवशी ती नाचायला लागली म्हणून मी औषध थांबवलं होतं आणि उरलेलं 'असू दे' म्हणून ठेवलं होतं. ('असू दे' म्हणून ठेवलेल्या वस्तूंनी आमचं अर्धं घर भरलंय.)

सुनीता कामावर गेली. मी चमचा काढला.

"इरू, आ कर. आईला सांगायचं नाही हं."

"का?"

"गंमत आहे."

"गंमत कडू आहे, बाबा!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इरा पाच वेळा बाथरूममध्ये पळाली. कान राहिला बाजूला, आता पोट धरून रडायला लागली.

"हिने खाल्लं तरी काय?" सुनीताने विचारलं. "काल मासीमांनी पायेश पाठवलं होतं ना?"

पायेश म्हणजे खजुराच्या गुळाची खीर. मासीमांच्या पायेशाचा वास आला की अख्खी गल्ली त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला यायची.

या जागी मी खरं बोलायला हवं होतं. मी बोललोही! म्हणालो, "दूध जुनं असेल."

मासीमा जिन्यातच उभ्या होत्या.

"ओ मा! माझं पायेश?"

त्या तशाच फाटकाशी गेल्या आणि त्यांनी निमाईला, वीस वर्षं दूध घालणाऱ्या माणसाला, धारेवर धरलं. निमाईने कॅन रस्त्यात ठेवला. "माझं दूध खराब? अख्खा पाडा बोलवा, सगळ्यांसमोर पितो!" पाडा, म्हणजे आसपासची सगळी वस्ती, आपणहून आलाच होता. आरडाओरडा ऐकून कोपऱ्यावरच्या क्लबचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी जागच्या जागी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? मी! "शिकलेले आहेत, बँकेत आहेत, त्यातून बाहेरचे. निःपक्षपाती माणूस!"

मी तासभर चौकशी केली. निमाईला गाय काय खाते ते विचारलं. मासीमांना पातेलं घासतं कोण ते विचारलं. सगळं वहीत लिहून घेतलं आणि निकाल दिला: हवामान. टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी बाटली बेसिनमध्ये ओतली. इराचं पोट थांबलं, कानही थांबला. मासीमांचं पायेशही थांबलं. इराच्या वाढदिवसाला त्या दुकानातली संदेश मिठाई घेऊन आल्या. सुनीताला म्हणाल्या, "माझ्या हाताचा आता भरवसा नाही ग." हवामान म्हटलं तरी संशय राहिलाच; मासीमांनी निमाईचं दूध बंद केलं ते केलंच. असे चार हिवाळे गेले. मी रोज त्यांच्या दारावरून, बूट न वाजवता, वर जात होतो.

गेल्या महिन्यात माझ्या नागपूरच्या बदलीचा हुकूम आला. तेव्हा मात्र मी त्यांचं दार वाजवलं.

"मासीमा, पायेश चांगलं होतं. मी इराला चोरून औषध दिलं होतं. उरलेलं."

त्यांनी बोटांवर हिवाळे मोजले.

"चार वर्षं गप्प राहिलास?"

"हो."

"आणि चौकशीही तूच केलीस?"

"हो."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला थेट क्लबात नेलं. तिथे निमाईसमोर, कॅरम थांबवून, मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. निमाई म्हणाला, "हवामान, ना?" आणि एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मागोमाग आलेली सुनीता हसली नाही. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी निमाईच्या दुधाचं पायेश झालं. तो, इरा आणि सुनीता पोटभर जेवले. मला मासीमांनी पातेलं घासायला दिलं.

परवा क्लबात आरोग्य शिबिर झालं. तेच डॉक्टर आले होते. मासीमांनी मला उभं केलं. "पावडरीत पाणी घालून तयार केलेलं ते औषध दोन आठवड्यांत टाकायचं असतं," डॉक्टर माईकवरून म्हणाले. "यांनी दिवाळीतलं जानेवारीत पाजलं, तेही गरज नसताना. कानाला फायदा शून्य!" आया माना डोलावत होत्या. शिबिर इतकं रंगलं की क्लबने आता माझ्या बँकेला अर्ज धाडलाय: देसाईबाबूंची बदली कृपया थांबवावी, पाड्यात दाखवायला दुसरा असा माणूस नाही.