छावणीच्या लाईनवरचं फाटक

फाटकवाली भित्री होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी तिला शूरवीर ठरवून मोकळं व्हायचं. ती पालीला भ्यायची, वरच्या साहेबांना भ्यायची, कुणी जोरात शिंकलं तरी दचकायची. आणि सगळ्यात जास्त भ्यायची ती स्वतःच्याच खोलीतल्या फोनला. भिंतीला टांगलेला तो काळा डबा वाजला की ती आधी देवाचं नाव घ्यायची. बरं, नोकरी कसली? तर तोच फोन उचलायची!

नोकरी मुळात नवऱ्याची. तो तापाने आठ दिवसांत गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं, तेव्हा लेक कडेवर होती. जंक्शनपासून लष्कराच्या छावणीपर्यंत एकेरी लाईन जायची आणि गावाचा रस्ता तिला जिथे आडवा जायचा तिथे हे फाटक. दोन लोखंडी दारं, साखळी, कुलूप आणि बाजूला एक खोली. या लाईनला वेळापत्रक नव्हतं. लष्कराचा माल, तो कधी निघणार हे कुणाला कळता कामा नये. त्यामुळे गाडी सकाळी यायची, भर दुपारी यायची, महिनाभर यायचीच नाही आणि मग एका दिवसात चार यायच्या. जेवायला बसलं तरी एक कान फोनकडे. अंघोळ करायची ती लेकीला फोनपाशी बसवून.

काम तसं सोपं होतं. जंक्शनचा स्टेशनमास्तर फोन करून सांगणार, ‘छावणीची गाडी सोडतोय.’ बाईने फोन बाजूला ठेवायचा, बाहेर जाऊन दोन्ही दारं ओढायची, कुलूप घालायचं, परत यायचं आणि मास्तरला नंबर द्यायचा. हा नंबर म्हणजे एका छापील कागदावरचे उलटसुलट आकडे. रेल्वेतली माणसं त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. ओळीने पुढचा आकडा सांगायचा आणि लगेच पेन्सिलीने खोडायचा. एकदा खोडलेला आकडा पुन्हा द्यायचा नाही. नंबर दिला म्हणजे फाटक बंद आहे असा शब्द दिला. त्या शब्दावर मास्तर गाडी सोडणार, ड्रायव्हर बिनघोर येणार.

“आधी कुलूप, मग नंबर,” नवरा म्हणायचा. “उलटं केलंस तर माणसं मरतील.” तिने ते इतकं मनावर घेतलं, की कुलूप लावून आल्यावर ते खरंच लागलंय का हे बघायला पुन्हा एकदा जायची. मास्तर तिकडे फोनवर खोळंबून शिव्या घालायचा. घालू दे म्हणायची.

लेकीची आकडेओळख सगळी त्याच कागदावर झाली. आई नंबर बोलायची आणि लेक जीभ बाहेर काढून पेन्सिलीने काट मारायची. एकदा चुकून पुढचा आकडा खोडला, तर तिला दुपारपर्यंत जेवायला मिळालं नव्हतं.

लढाईच्या दिवसांत तर बाईची झोपच उडाली. डब्यांची दारं बंद, वर शिपाई बंदुका घेऊन बसलेले. आत तोफगोळे आहेत हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. गाडी जाईपर्यंत ती चूल विझवून ठेवायची. एक ठिणगी उडाली तर आपण, लेक, खोली, सगळंच आकाशात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हिरवा बावटा धरून उभी राहायची, पण डोळे मिटून.

मग लढाई संपली. छावणी दुसरीकडे हलली. एक पत्र आलं, ‘या मार्गावरील वाहतूक पुढील आदेशापर्यंत स्थगित.’ पुढचा आदेश काही आला नाही. फोन कुणी काढून नेला नाही आणि बाईलाही कुणी हलवलं नाही. लाईनवरचं लोखंड चोरीला जाऊ नये म्हणून राहा इथेच, एवढंच सांगितलं. सात वर्षं गेली. रुळांमध्ये गवत माजलं. रस्त्याकडेला भरणारा आठवड्याचा बाजार सरकत सरकत रुळांवर आला. फाटकाच्या दारांना दोऱ्या बांधून लोकांनी ताडपत्र्या ताणल्या. लेकीनेही ऐन रुळांमध्ये शिलाईचं मशीन मांडलं. लग्न होऊन ती गावातच राहत होती. जुने कपडे उसवून पिशव्या शिवायची.

सुख म्हणतात ते हेच, असं बाईला वाटायला लागलं होतं. पण भीती कुठे अशी सहज सोडते? दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या एका दुपारी डुलकी लागली असताना तिला फोन वाजल्याचा भास झाला. ताडकन उठली, फोनबिन न उचलता थेट बाहेर, सगळ्यांना हाकललं आणि दारं लावून पाऊण तास हिरवा बावटा घेऊन उभी. गाडी आली नाही. आली ती कुत्र्यांची एक जोडी, रुळावरून रमतगमत. बाजार हसून हसून लोळला. तेव्हापासून भांडीवाला दर आठवड्याला विचारायचा, “काय मावशी, आज गाडी लेट का?”

तीही हसायची. पण आत कुठेतरी धास्ती बसली. फोनची नव्हे, स्वतःच्या डोक्याची. उद्या खरं काय नि खोटं काय हे कळेनासं झालं तर?

त्या दिवशी बाजार होता. दोनच दिवस आधी रेल्वेची माणसं येऊन रुळांवरचं गवत कापून गेली होती. विचारलं तर म्हणाली, साफसफाई. सकाळचे दहा वाजले असतील. बाई चहा गाळत होती आणि फोन वाजला.

हातातली गाळणी खाली पडली. फोन पुन्हा वाजला. हात मात्र जुना नोकर, तो आपोआप गेला. पलीकडे कुणी नवाच, तरणा मास्तर होता. भराभर बोलला, “छावणी फाटक? छावणीत पडलेले डबे आणायला इंजिन सोडतोय. नंबर द्या.”

आणि बाईने दिला. “अडतीस,” म्हणाली. कागद खिळ्याला होता, पेन्सिल दोरीला होती, तिने काटही मारली. मास्तरनेही रीतीप्रमाणे आपल्या कागदावरचा नंबर दिला, तो तिने वहीत लिहिला. पलीकडून फोन ठेवला गेला.

सात वर्षांची गंजलेली सवय, पण चालली ती उलटी. फोन हातात धरून बाईने खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटक सताड उघडं. त्यात भाजी, भांडी, माणसं, पोरंबाळं आणि मधोमध पाठमोरी बसलेली तिची लेक.

काय केलं मी हे! काय केलं!

तिने फोनचा दांडा गरगर फिरवला. वाजतोय, वाजतोय, उचलत कोणी नाही. मास्तर नंबर मिळाला म्हणून इंजिनाकडे गेला असणार. जंक्शनपासून इथवर वीस मिनिटं. फार तर पंचवीस. फाटकाच्या अलीकडे वळण, वळणावर टेकडी कापलेली आणि तिथून फाटकापर्यंत उतार. ड्रायव्हरला बाजार दिसेल तेव्हा ब्रेक लावून काही उपयोग नसेल.

ती बाहेर धावली. “उठा! गाडी येतेय! रुळांवरून उठा!”

 भांडीवाल्याने कढईवर पळी आपटली. “आली का मावशी? हिरवा बावटा कुठाय?” झालं, सगळा बाजार हसायला लागला. कुणी म्हणालं उन्हात बसू नका, कुणी म्हणालं पाणी द्या तिला. बाईला रडू फुटलं. एका म्हातारीची टोपली ती उचलायला गेली, तर म्हातारीने हातावर चापट मारली.

लेक उठून आली. तिने आईला दंडाला धरून बाजूला घेतलं. “आई, पुरे आता. लोक हसतात. मागच्या वेळेसारखंच झालंय तुला. चल, पड जरा.”

आणि एक क्षण बाईलाही तसंच वाटलं. मागच्यासारखंच असेल. फोन वाजलाच नसेल. चहा गाळता गाळता डोळा लागला असेल. इतकं बरं वाटलं तिला त्या विचाराने! जाऊन पडावं, पांघरूण ओढून घ्यावं.

“कागद बघ,” ती म्हणाली. “मी बोलते त्यावर नको विश्वास ठेवूस. कागद बघ जा.”

लेक आईच्या समाधानासाठी म्हणून खोलीत गेली. सात वर्षं तो कागद तिथेच होता. वरचे आकडे खोडलेले, त्यातल्या कितीतरी काटा तिने स्वतः लहानपणी मारलेल्या, आता पुसट पिवळ्या. त्यांच्याखाली अडतीस आणि त्यावर काळी कुळकुळीत, ताजी काट. शेजारी वहीत मास्तरचा नंबर. आई मनाने आकडा खोडणार नाही, जीव गेला तरी नाही, हे या लेकीइतकं जगात कुणाला माहीत असणार?

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

“आई, नंबर दिलास?”

“दिला.”

“फाटक उघडं असताना?”

बाईने नुसती मान हलवली.  लेक वळली आणि अशी काही किंचाळली, की भांडीवाल्याच्या हातातली पळी खाली पडली. दुसऱ्याच क्षणी स्वतःचं मशीन तिने लाथेने रुळांबाहेर लोटलं. मशीन फुटलं. ते मशीन घ्यायला तिने काय काय केलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर कुणी हसलं नाही. जो तो आपलं सामान ओढायला लागला.

पण चाळीस दुकानं काय वीस मिनिटांत हलतात? लाल बावटा कधीच उंदरांनी खाल्लेला. बाईने लेकीच्या गाठोड्यातून पडद्याचं एक लाल कापड खेचलं आणि वळणाच्या दिशेने निघाली. तिच्या गुडघ्यांनी कित्येक वर्षांत पळणं पाहिलं नव्हतं. खडीवरून दोनदा पडली. सारखं वाटत होतं, परत फिरावं. इंजिनासमोर उभं राहायचं? आपण? डोळे मिटून बावटा दाखवणारी बाई? तिने मोठमोठ्याने नवऱ्याला हाक मारली, मग देवाला, मग पुन्हा नवऱ्याला.

वळण ओलांडलं आणि रूळ थरथरायला लागले. इंजिन दिसलं. ती दोन रुळांच्या मधे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कापड हलवत राहिली. या वेळी डोळे उघडे होते. मिटायची फार इच्छा होती, पण मिटले असते तर ती पळाली असती.

शिटी, मग करकर, मग ठिणग्या. शेवटी तिने रुळांबाहेर खडीत अंग टाकलं. इंजिन तिच्यावरून पुढे गेलं नाही, शेजारून गेलं आणि वळण संपता संपता थांबलं. तिथून पहिली ताडपत्री साठ पावलांवर होती.

ड्रायव्हर लालबुंद होऊन खाली उतरला. “अहो बाई, फाटक बंद म्हणून नंबर मिळालाय आम्हाला!”

“मीच दिला,” बाई म्हणाली.  “खोटा दिला. लिहून घ्या.”

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या बाजाराकडे पाहिलं आणि तो तिथेच रुळावर बसला. मग म्हणाला, “ते लिहायचं तेव्हा लिहू. आधी फाटक लावा. मास्तरला नवा नंबर मिळाल्याशिवाय मी हलत नाही.”

दोन वर्षांत दारं पार गंजून मेली होती. सगळा बाजार त्यांना लागला. भांडीवाल्याने बिजागऱ्यांना तेल ओतलं. एकदाची दारं किंचाळत बंद झाली आणि लेकीने कुलूप घातलं.

बाई फोनपाशी आली. दांडा फिरवला. या वेळी मास्तरने लगेच उचलला आणि तिने एका दमात झालं ते सगळं सांगितलं. “बरं, मग नवा नंबर द्या, बाई.”

कागदावर पुढचा आकडा होता सत्तावन्न. तोंडापर्यंत आला. तिने फोन छातीशी दाबून धरला आणि दारात उभ्या असलेल्या लेकीला विचारलं, “कुलूप लागलंय?”

“लागलंय, आई. मीच लावलंय.”

“हॅलो? हॅलो?” तिकडून आवाज येत होता.

बाईने फोन टेबलावर ठेवला, लेकीला बाजूला सारलं आणि लंगडत बाहेर गेली. कुलूप हातात धरून तिने दोनदा ओढून पाहिलं. मग परत येऊन तिने नंबर दिला.