ग्वाल्हेरची गोठ आणि मी बांधलेला गोठा

मी आजवर एकटा सासवडच्या पुढे गेलो नव्हतो. त्यामुळे ग्वाल्हेरला जायचं ठरल्यावर आधी तिकिटावरचं माझं स्पेलिंग तीनदा तपासलं. बरोबर होतं. (मी प्रवीण. वी दीर्घ.) तरी चौथ्यांदा तपासलं.

मी कुरिअरच्या ऑफिसात पत्ते तपासतो. पत्ता संगणकात टाकला की नकाशावर एक टिंब पडतं; ते खरंच त्या दारावर पडलं का, हे बघायचं. दहावीत गणितात दोनदा आपटलो, पण शुद्धलेखन पक्कं, म्हणून ऑफिसच्या मॅडमनी मला गोदामातून उचलून या खुर्चीवर बसवलं. मग आमच्यात उत्तरेकडची एक कंपनी विलीन झाली आणि दोघांच्या याद्या एक करायचं ठरलं. ग्वाल्हेरच्या यादीत मराठी आडनावं ढिगाने, म्हणून ती माझ्याकडे आली. आणि तिथल्या एका गल्लीची सगळी पार्सलं परत येऊ लागली.

"जाऊन बघ," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी याद्या एक होतायत. ही गल्ली जुळली नाही तर पत्त्यांचं काम तिकडच्या ऑफिसला जाईल, आणि तू परत गोदामात."

गुरुवारी दुपारी निघालो. पुण्याहून थेट गाड्या आहेत, साधारण एक दिवस लागतो. स्लीपरने जाणार असाल तर थंडीत जाड पांघरूण न्याच. भोपाळनंतर मी यादीसकट कुडकुडत होतो. शुक्रवारी संध्याकाळी पोचलो आणि इंदरगंजला एका लॉजवर उतरलो. खोली लहान, गरम पाणी बादलीने, पण चादर स्वच्छ.

शनिवारी सकाळी गरमागरम बेडई (डाळ भरलेली पुरी), बटाट्याची भाजी आणि वर जिलबी खाल्ली. एवढ्यासाठीसुद्धा ग्वाल्हेरला जावं! मग ऑटोवाल्याला फोनवरचं टिंब दाखवलं.

"वहाँ कौन रहता है, भैया?"

"टिपणीस."

"अच्छा," तो म्हणाला आणि वाटभर स्वतःशीच हसत राहिला. जाऊन-येऊन दोनशे रुपये. घासाघीस जमत असेल तर कमी पडतील.

टिंब गावाबाहेर नेत होतं. घरं संपली, शेतं लागली, आणि आम्ही एका गोशाळेच्या फाटकाशी थांबलो. राखणदाराने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आ गए कोरियरवाले! लो, ये रहीं आपकी टिपणीस मैडम. वो, काली वाली."

काळी गाय माझ्याकडे बघत होती.

"पिछले हफ्ते मिर्ची का डिब्बा लाए थे. इसने सूँघ लिया. दिन भर छींकती रही बेचारी!"

तेवढ्यात या टिपणीस मॅडमनी माझ्या यादीचं पहिलं पान खाल्लं. मी तीन प्रती नेल्या होत्या, म्हणून मी पण हसलो.

परत शहरात, लष्कर नावाच्या भागात आलो. टोपी बाजारात एका दुकानदाराला विचारलं, "टिपणीस गोठा?"

"गोठा नहीं, गोठ. टिपनिस की गोठ. पुल से बाएँ."

पूल काही दिसेना. पुन्हा विचारलं, "पुल कहाँ है?"

"आप खड़े किस पर हैं?"

खाली बघितलं. नाला कधीच झाकला गेला होता. पूल फक्त नावात उरला होता.

डावीकडे वळलो तर गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पाटी: टिपनिस की गोठ. माझे कान तापले. तीन महिन्यांपूर्वी यादीत जिथे तिथे 'गोठ' बघून मला वाटलं होतं, काना राहिला. मी एका फटक्यात सगळीकडे 'गोठा' केलं होतं आणि दुरुस्त्यांच्या वहीत ते अभिमानाने टिपलंही होतं. संगणकाने गोठा शोधून टिंब गोशाळेवर टाकलं होतं; अख्ख्या गल्लीला मीच गाईंच्यात नेऊन बांधलं होतं.

पहिल्याच दारात सुमनकाकू भेटल्या. त्यांना सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे आम्ही कडबा खातो काय रे?" त्या ओरडल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारणी बाहेर आल्या. "अगं, माझ्या नागपूरच्या बहिणीची सांडगी मिरची गाईला पोचली!"

"फक्त वास गेला, काकू. डबा परत गेलाय."

आतून काका म्हणाले, "शब्द तर मराठीच आहे, बेटा. गोट, म्हणजे फौजेचा तळ. इथे राहून राहून 'ट'चा 'ठ' झाला, आणखी काय."

"मग पाटीवर गोट लिहून घ्यायचं का?" मी विचारलं. सवय जात नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लोक ग्वाल्हेर लिहिता, इथे ग्वालियर लिहितात. गाडी तर एकाच स्टेशनवर थांबते ना?"

मी फोन काढून बघितलं. शहराला दोन नावं चालत होती, यादीत तशी सोयच होती! गल्लीलाही दुसरं नाव देता येत होतं. मग काय, पुढे काकू, मागे मी. प्रत्येक दाराशी उभं राहून टिंब पक्कं केलं आणि प्रत्येक दाराशी चहा. सातव्या कपानंतर मोजणं सोडलं. शेवटच्या दारावर टिंब बसलं तेव्हा काकूंनी टाळी वाजवली आणि मी गल्लीत चक्क उडी मारली.

रविवारी सकाळी किल्ल्यावर गेलो. तिथल्या महालाच्या निळ्या भिंतीवर पिवळ्या बदकांची रांग आहे, ती चुकवू नका. वरून लष्कर दिसतं. मी मात्र एक गल्ली शोधत होतो. दुपारच्या गाडीने परतलो.

मंगळवारी याद्या एक करताना 'चूक कशामुळे' या चौकटीत 'बोलीभाषेतील फरक' लिहून सुटता आलं असतं. मी लिहिलं, 'माझी दुरुस्ती', आणि दुरुस्त्यांची वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी पानं चाळली. "अशा अजून किती आहेत?"

"बघावं लागेल, मॅडम. पण सगळ्या लिहिलेल्या आहेत."

"मग ही वही तपासून होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठायचं नाही."

वही दोनशे पानी आहे.

परवा काकूंनी तिळाच्या गजकचा, म्हणजे तिकडच्या चिक्कीचा, डबा पाठवला. त्यावर 'प्रविण', ऱ्हस्व. खोडायला पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. डबा बरोबर माझ्याच दारात आला होता.