सव्वासातची पाटी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी ऑफिसात असताना उषामावशीच्या सोसायटीच्या गेटवरून फोन आला. "मॅडम, आंटीजी नहीं रहीं." रक्तदाब तपासायला ती एकटीच दवाखान्यात गेली होती आणि तिथल्या बाकावर बसल्या बसल्या गेली. कुणाला त्रास द्यायचा नाही हा हट्ट तिने शेवटपर्यंत चालवला. मला दुःखाआधी तिचा रागच आला. तेवढा त्रास दिला असता तर काय बिघडलं असतं...

दिल्लीत नव्या कंपन्या उघडत होत्या तेव्हा मी पुण्याहून नोकरीसाठी आले. आईची ही धाकटी बहीण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहायची. काका हवाई दलात नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारे. एकाहत्तरच्या युद्धात त्यांचं बॉम्बर पहाटे गेलं ते परत आलं नाही. विमानात दोघंच होते, काका आणि पायलट हरजीत. ना विमान सापडलं, ना माणसं. तारेत 'बेपत्ता' असं होतं, आणि मावशीने तो शब्द घट्ट धरून ठेवला. तिने कुंकू पुसलं नाही, पितृपक्षात काकांचं पान वाढलं नाही. घरात कुणी तिच्यापाशी हा विषय काढत नसे. मीही कधी काढला नाही.

ती निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही तिचं सामान गुडगावच्या फ्लॅटमध्ये हलवलं. टॉवर उभे राहत होते, मधे अजून बाजरीची शेतं होती. मुहूर्त म्हणून दिवस दसऱ्याचा निवडलेला. मावशी सोसायटीच्या ऑफिसात कागदांवर सह्या करायला गेली आणि मी उत्साहाने पूजेला लागले. सरस्वती काढायला पाटी हवी, आणि ती मिळायची म्हणजे पार दिल्लीत पहाडगंजचं मराठी दुकान गाठायला हवं. एवढ्यात ट्रंकेच्या तळाशी, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पाटी सापडली. तिच्यावर काहीतरी पुसट खरडलेलं होतं. मी ओल्या फडक्याने ती लख्ख पुसली आणि एकचे आकडे मांडत मोठी झोकदार सरस्वती काढली.

मावशी आली, पाटीकडे बघत उभी राहिली, मग हळूच खाली बसली. "पुसलीस?" एवढंच तिने विचारलं.

मग तिने सांगितलं. काका विमान घेऊन जावोत की भाजी आणायला, परतायची वेळ दाराजवळच्या पाटीवर लिहूनच बाहेर पडायचे. त्या पहाटे त्यांनी लिहिलं होतं, 'सव्वासात. हरजीत नाश्त्याला.' मावशीने पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला होता. चोवीस वर्षं जपलेलं त्यांचं ते अक्षर मी एकदा फडकं फिरवून घालवलं होतं. मला रडू आवरेना. मावशी मात्र रडली नाही. तिने सरस्वतीला हळदकुंकू वाहिलं आणि ती म्हणाली, "हे परत आले की पाटी स्वतःच पुसायचे. चलो, आता आले असं धरू."

मला ती माफी वाटली नाही, पुढे कितीतरी दिवस तिच्यासमोर मान वर करायची लाज वाटायची. पण पुढच्या पितृपक्षात तिने मला जेवायला बोलावलं, तेव्हा तिने पितरांची दोन पानं वाढली होती. हरजीतचं त्याच्या घरचे करत असतील, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, त्याला आपल्याकडे नाश्त्याला बोलावलंय ना, उपाशी कसा ठेवायचा?

त्यानंतर पाटी दाराशी लागली आणि मावशी स्वतःच्या वेळा लिहू लागली. दूध आणायलासुद्धा हिचा फ्लाइट प्लॅन, म्हणून मी चिडवायची. ती हसायची, पण लिहायची, आणि आली की चप्पल काढायच्या आधी पुसायची.

सगळं आटोपल्यावर मी तिचा फ्लॅट उघडला. पाटीवर लिहिलं होतं, 'साडेअकरा. येताना कोथिंबीर.'

ती पाटी आता आमच्या दाराशी आहे. परवा दसऱ्याची तयारी म्हणून लेक ओलं फडकं घेऊन आली, तेव्हा मी तिचा हात धरला. पहाडगंजहून नवी पाटी आणली आहे, सरस्वती तिच्यावर काढू. ही पुसायची ती मावशीने.