दोघींची दुपार

राधाक्का शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मी चौथीच्या मुलांना शुद्धलेखन सांगत होतो. राधाक्का आमची शेजारीण. मळा गावाबाहेर, पण घर आमच्या भिंतीला भिंत लावून. इतक्या वर्षांत तिनं शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं. "मास्तर, घरला चला," ती म्हणाली. मी म्हणालो, "आलोच, एवढं वाक्य पुरं करतो." तिनं पदर तोंडाला लावला. "ऱ्हाऊ द्या त्ये. बाई गेल्या..." माझी पत्नी द्वारका विषमज्वरानं एकविसाव्या दिवशी गेली, त्याला आज पाच आठवडे झाले. त्या सकाळी तिनंच मला शाळेत पाठवलं होतं. "सहामाही जवळ आलीय, पोरं खोळंबतील," एवढंच बोलली, आणि मी गेलो.

जामखेडला मी वीस वर्षं मास्तरकी करतो आहे. किती मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली त्याची गणती नाही. आणि माझ्याच मुलीला, कुमुदला, तेराव्या वर्षी धड चार ओळी वाचता येत नव्हत्या. पोर मंद नव्हती. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची, पाढे तर झोपेतून उठवलं तरी म्हणायची. पण पुस्तक उघडलं की घ आणि ध एकच, भ आणि म एकच. पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजानं ठोकून द्यायची, मधली ओळ गाळून भलत्याच ओळीवर जायची. मला तो निव्वळ आळस वाटे. मी रागावलो, उपाशी बसवलं, छड्याही मारल्या. ते लढाईचे दिवस होते. एकदा शाळा तपासायला नगरहून साहेब आले. त्यांनी नेमकं कुमुदला वाचायला उभं केलं. ती पुस्तक धरून उभी राहिली, आणि तोंडातून शब्द फुटेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी तिचं पुस्तक अंगणात फेकलं आणि म्हणालो, "मास्तरची मुलगी आहेस म्हणून कुणाला सांगत जाऊ नकोस."

द्वारका मला सहसा उलट बोलत नसे. त्या संध्याकाळी ती पुस्तक उचलून आणून, धूळ झटकून, माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, उद्यापासून हिचं वाचन माझ्याकडे. तुम्ही मात्र तिला काही वाचून दाखव म्हणायचं नाही." मी हसलो. "मला जे जमलं नाही ते तू करणार?" ती म्हणाली, "बघू या ना." लग्न ठरताना तिच्या वडिलांनी मुलगी चौथी पास आहे म्हणून सांगितलं होतं. रोज सकाळी ती पोथी घेऊन बसे, पान संपलं की उलटे. म्हणून मीही फार ताणलं नाही.

रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे दिवेलागणीनंतर वाचनाचा प्रश्नच नव्हता. दोघी दुपारी बसत, जेवणं आटोपल्यावर, माजघराच्या दाराशी उजेड येतो तिथं. पहिल्याच रविवारी द्वारकेनं मला एक काम सांगितलं. जात्यावर म्हणायच्या ओव्या ती सांगणार आणि मी त्या मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत लिहून द्यायच्या. कागदाचीही टंचाई, म्हणून शाळेतल्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. मी विचारलं, "अगं, या तर तिला तोंडपाठ आहेत. वाचायचं काय त्यात?" ती म्हणाली, "म्हणूनच तर." ओवी मुखात असल्यामुळे पुढचा शब्द कोणता ते कुमुदला आधीच ठाऊक असे. फक्त तो कागदावर कसा दिसतो ते बोट ठेवून शोधायचं. चुकायची भीतीच उरली नाही. खालच्या ओळी डोळ्यांत येऊ नयेत म्हणून द्वारका त्यांवर उलथनं आडवं धरी. सुटीच्या दिवशी मी ओसरीवरून ऐकत असे. दोघी एका आवाजात, अगदी सावकाश, एकेक शब्द म्हणत. अडल्या की गप्प बसत. त्या गप्प बसण्यानं माझा जीव कासावीस होई, उठून शब्द सांगावा असं वाटे. आत कुणालाच घाई नसे.

आठ-नऊ महिने असे गेले. एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो तर राधाक्का आमच्या माजघरात बसलेली. तिचा मुलगा तुकाराम पलटणीत होता, त्याचं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायला ती आली होती. मी दारातच थांबलो, कारण आतून वाचण्याचा आवाज येत होता आणि तो कुमुदचा होता. अडखळत, मागं जाऊन पुन्हा सुरू करत, पण तिनं ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. राधाक्का डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, आमच्या तुकाचं समदं पत्र पोरीनं वाचलं बगा. त्याचा पाय बरा हाय म्हन्तोय." द्वारका चुलीकडे तोंड करून रडत होती. मुलीच्या आनंदानं रडते आहे, असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात बेलापूरहून द्वारकेच्या धाकट्या भावाचं सांत्वनाचं पत्र आलं. अलीकडे माझे डोळे सारखे भरून येतात, तेव्हा आलेली पत्रं कुमुदच वाचून दाखवते. आता ती सोळा वर्षांची आहे. मध्येच ती थांबली. शब्द अडला असेल म्हणून मी गप्प राहिलो. मग तिनं खालच्या आवाजात वाचलं, "लग्नानंतर आक्का माहेरी आली की तुम्हांला येणारी पत्रं मीच लिहीत असे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तुम्हांला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांच्या संसारात मला ते कळलं नव्हतं. पोथी तिला पाठ होती. चिठ्ठी वाच म्हटलं की तिचं डोकं दुखत असे.

"तुला माहीत होतं?" मी कुमुदला विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिनं मला. म्हणाली, शाळेत मार खाऊन मी दुसरीतूनच पळाले. आता आपण दोघी एकदमच शिकू. कुणी कुणाला रागवायचं नाही."

"आणि मला का नाही सांगितलं?"

तिनं पत्राची घडी घातली. "सांगणार होती, बाबा. पण आधी तुम्हाला एक पत्र लिहायचं होतं तिला, स्वतःच्या हातानं. या दिवाळीला मामाकडे गेली की तिथून पोस्टानं पाठवणार होती. वर तुम्हाला काय म्हणून लिहायचं, तेवढ्यावरच अडलं होतं..."

दिवाळी आता दहा दिवसांवर आली आहे. दुपारची जेवणं झाली की कुमुद माजघराच्या दाराशी चटई टाकते आणि वर्तमानपत्र घेऊन मोठ्यानं वाचत बसते. बसते ती एका कडेला. उरलेली चटई मोकळी असते. मी उंबऱ्यावर बसून ऐकतो.