उजव्या बुटातली घडी

सुदर्शनअण्णांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी बूट घेतला नव्हता. हसू नका, असे बाप्ये आपल्याकडं घरोघर आहेत. वाळूजच्या कंपनीत टर्नर म्हणून नोकरी झाली, छावणीतल्या घरून रोज सायकलनं गेले-आले, पण पायात काय घालायचं ते बायको ठरवायची. सुरेखाबाई.

त्या बाईची बूट घ्यायची तऱ्हाच न्यारी. अण्णा दुपारचे लवंडले की झाडूची काडी तळपायाला लावून मापानं मोडायची आणि पैठण गेटला नोमानचं दुकान गाठायचं. सोबत पिशवीत सायकलचं एक जुनं पायडल. गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसायची, पण बाई बूट पायडलवर ठेवून वरून अंगठ्यानं दाबणार म्हणजे दाबणार. मधून दुमडला की नापास. तळ सपाट हवा, पायडलवर चिकटून बसला पाहिजे, नाडी लांब नको, साखळीत जाते. "लई जाड तळाचा नको रे नोमान, त्यांच्या पायाला पायडल कळलं पाहिजे," असं म्हणायच्या. एवढं करून बूट घरी आला, तरी अण्णांना लगेच मिळायचा नाही. "थांबा, शनिवार टळू द्या." अण्णा वैतागायचे, "तुझा शनिवार काय टळायचा नाय."

वैशाखात सुरेखाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, आणि दवाखान्यातून बाई परत आलीच नाही. तेराव्यानंतर लेक श्रेयानं विचारलं, आईच्या साड्यांचं काय करू? अण्णाच म्हणाले, "वाटून टाक सगळ्या, मला बघवत नाय." श्रेया पुण्याला निघून गेली आणि घर खायला उठलं. राहिली ती सायकल. सकाळी दौलताबादच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं, तेवढा वेळ छातीवरचा धोंडा जरा हलायचा. सायकल नसती तर हा माणूस अंथरुणातून उठलाच नसता, खरं सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर बुटाचा तळ उचकला. श्रेयानं फोनवर तंबी दिली, "अण्णा, पाय घसरून पडलात तर बघायला कोण आहे तिथं? आजच्या आज नवा घ्या." शुक्रवार होता. नोमान नमाजला गेलेला, दुकानात त्याचा भाऊ. त्यानं सपाट तळाचा, चांगला कडक बूट दाखवला. अण्णांनी डावा पायात घातला, टाच आपटली, बसतोय म्हणाले. उजवा खोक्यातच राहिला. बाप्याची खरेदी ती, चहा पिण्याइतका वेळ लागला नाही.

शनिवारी जुना जोडा घेऊन ते शनीच्या देवळाकडं गेले. सुरेखाबाईंचा नेमच होता तो. झिजलेलं पायताण घरात ठेवायचं नाही, शनिवारी देवळाबाहेर सोडायचं, पनवती जाते, आणि मागं वळून बघायचं नाही. अण्णांनी जोडा सोडला, मागं वळून बघितलं नाही. मनात म्हणाले, बघ, तुझंच ऐकलं.

रविवारी नव्या बुटात पहिली चढण लागली आणि उजवा पाय आतल्या आत पुढं-मागं व्हायला लागला. पडेगावच्या पुढं तो पायडलवरून सटकलाच. पायडलच्या दात्यांनी नडगी सोलून काढली. अण्णा तडक नोमानकडं. "काय रे, दोन मापाचे बूट गळ्यात मारले व्हय?"

नोमाननं अण्णांचे दोन्ही पाय मापाच्या पट्टीवर ठेवले, पुन्हा ठेवले. "काका, बूट एकाच मापाचे हैत. तुमचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा आखूड हाय. तुम्हाला माहीत नाय?"

अण्णांनी वाकून दोन्ही पावलं शेजारी-शेजारी लावून बघितली.

"काकू दोन काड्या आणायच्या, दोऱ्यानं बांधलेल्या," नोमान म्हणाला. "लांब काडीचा जोडा न्यायच्या. मी म्हणायचो, उजव्याचं काय? तर म्हणायच्या, ते मी बघते. जुन्या साडीच्या कापडाची घडी करून आतल्या गादीखाली शिवते. पण त्यांना बोलू नको, लई हळवा माणूस हाय."

अण्णा स्टुलावरून उठेनात. शनिवार कसला न काय कसलं. ती बिचारी आत सुईदोरा घेऊन बसायची आणि हे बाहेर तोंड सोडायचे. एवढा संसार झाला, एक बूट कधी चावला नाही, एक सैल झाला नाही. असं कसं, हे एकदाही मनात आलं नाही. स्वतःचीच लाज वाटून त्यांना रडू आलं.

मग सायकल देवळाकडं पिटाळली. सोडलेलं पायताण परत आणलं तर पनवती परत येते म्हणतात. येऊ दे म्हणाले, आता आणखी काय न्यायचंय तिला.

पायरीजवळ एक म्हातारा मागत बसला होता. जोडा त्याच्याच पायात. अण्णांची नजर बघून त्यानं पाय पोटाशी ओढले. "मला हितंच गावला, साहेब."

"राहू दे बाबा, तुझाच हाय. उजव्यात कापडाची घडी होती ना?"

"व्हती की. पाय मावंना, म्हणून उपसून टाकली. सकाळी झाडणारीनं कचऱ्यात नेली."

"रंग कोणता होता?"

म्हातारा विचारात पडला. "मळकी व्हती," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर अण्णांनी कपाट उघडलं. साडी एकही नव्हती, कुठून असणार. स्वतःचा जुना सदरा कापला, घडी करून उजव्या बुटात गादीखाली सारली, पाय घातला. बोटं आवळली. एक पदर उलगडला, तर टाच निसटायला लागली. पुन्हा घडी, पुन्हा उलगड. दुपार कलली तरी माणूस उंबऱ्यात बूट मांडीवर घेऊन बसलेला.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अगं, किती घड्या घालायचीस?"