घरातला धाकटा

शेजारच्या काकांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "चालतंय की." नळाला पाणी आलं नाही, चालतंय की. गुडघा सुजलाय, चालतंय की. उन्हाळ्यात काकू गेल्या, तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी मी त्यांचा हात धरला, तर तिथंही तेच म्हणाले. मला त्यांचा रागच आला होता.

नाताळाआधीचे चार रविवार त्यांच्या घरी संध्याकाळी मेणबत्ती लावतात. पहिल्या रविवारी एक, मग दर रविवारी एक वाढते. मेणबत्ती घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं लावायची आणि प्रार्थना थोरल्यानं करायची, हा त्यांचा जुना रिवाज. मुलगा पुण्याला गेल्यापासून घरात धाकट्या काकूच होत्या. माझ्यासमोर त्या स्टुलावर बसून, लहान मुलीसारख्या लाजत काडी ओढायच्या.

यंदा पहिल्या रविवारी काकांनी मला हाक मारली. पितळी ताटात, अशोकाच्या पानांमध्ये चार मेणबत्त्या उभ्या होत्या. काका काडेपेटी हातात धरून नुसतेच बसले होते. बराच वेळ झाला, तेव्हा मीच हात पुढं केला.

"न्हाय," ते म्हणाले. "घरच्यानंच लावायची असती. हितं आता धाकटा मीच की."

ते काकूंच्या स्टुलावर जाऊन बसले. वात नीट पेटेपर्यंत वाकून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसले. आता थोरल्यानं प्रार्थना करायची होती.