पिठावरचं पाऊल

मागच्या जन्मी मला झुपकेदार मिशा होत्या. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. बालाघाटकडच्या खैरलांजीच्या बाजूला धानाच्या बांध्यांमध्ये आमचं छोटं गाव आहे. तिथल्या दत्ताच्या देवळात डोमाबुवा मृदंग वाजवायचे. ते गेले त्याच रात्री, पहाटेकडे, शेजारच्या घरात माझा जन्म झाला. तिसऱ्या दिवशी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, बुवांचा प्राण गेला त्या जागी पीठ पसरलं, वर टोपलं पालथं घातलं आणि जवळ दिवा ठेवला. सकाळी त्या पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला माणूस गेला, असं आम्ही मानतो. कुठे पाखराची नखं दिसतात, कुठे गुराचा खूर. बुवांच्या पिठावर तान्ह्या बाळाचं पाऊल निघालं, इतकुसं, पाचही बोटांचं. आणि आसपास तान्हं बाळ काय ते मी एकटीच होते.

तेव्हापासून मी डोमाबुवा. मी रांगत अंगणात आले की शेजारच्या सुना हसत हसत डोक्यावर पदर घ्यायच्या, कारण नात्यानं मी त्यांचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. बुवांची बायको सगुणामाय मला फ्रॉकमध्ये बघून तोंडाला पदर लावून हसायची आणि मग हातावर चिवड्याची मूठ ठेवायची. बुवांचा हरवलेला विळा कुठे आहे, हे मला शाळेत जायच्या वयापर्यंत लोक विचारत होते. पुढे मी पुनर्जन्माच्या कादंबऱ्या वाचल्या. त्यातल्या नायिकांना स्वप्नात महाल दिसतात, अर्धवट राहिलेलं गाणं आठवतं आणि शेवटी आपण कोण ते कळतं. माझ्या मागच्या जन्मात कौलारू घर, दोन बैल आणि तंबाखूची चंची होती. मला त्यातलं काहीसुद्धा कधी आठवलं नाही. पण आठवत नाही असं सांगायची सोय नव्हती, कारण माझे आजोबा त्या पावलावर जीव टाकून बसले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं, बुवांचा मृदंग पुढ्यात ठेवला आणि माझा पंजा धरून पहिली थाप मारून घेतली.

हात मात्र खरंच वळला. मी मृदंग शिकले, पुढे बालाघाटला शाळेत संगीताची शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली, आणि बुवांचा तो मृदंग सुटला नाही. दत्तजयंतीला गावी जायचं आणि देवळात साथ करायची, हे सणासारखंच ठरलेलं. चांगलं वाजलं की म्हातारे मान डोलवायचे, "बुवाचाच हात हाये!" मला त्याचं कौतुकच वाटायचं.

कौतुक बिनसलं ते गेल्या वर्षी. बालाघाटला एका कीर्तनात मी साथ केली. बाहेरगावाहून आलेल्या महाराजांना कुणीतरी पावलाची गोष्ट सांगितली. ते भारावून गेले आणि भर सभेत म्हणाले की, ही सगळी पूर्वजन्मीची कमाई, यात या बाईंचं असं काय आहे? लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना तळहातावरच्या घट्ट्यांकडे लक्ष गेलं आणि माझं डोकंच फिरलं. मग हे घट्टे कुणाचे? पहाटे उठून केलेला रियाज, तापात दिलेली परीक्षा, हे सगळं बुवांच्या खात्यावर? त्या दिवसापासून थाप मारायला हात उचलला की मनात प्रश्न यायचा, ही कुणाची? तेवढ्यात मात्रा निघून जायची. महिन्याभरात डावा हात अडायला लागला. पोळ्या लाटताना ठीक, फळ्यावर लिहिताना ठीक, मृदंगावर ठेवला की लाकूड.

डॉक्टरांनी हात वाकवून, पिळून पाहिला आणि काही नाही म्हणाले. आमच्या घरी हिंदी-मराठीची खिचडी चालते, नवरा म्हणाला, "अरे, हात डोमाबुवा का है तो दवाखान्यात पन त्यालेच पाठव ना!" मी हसले, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडलेही. देवासमोर बसले की एकच मागणं मागायची: दत्तात्रेया, मी कोण आहे तेवढं सांग. उत्तर आलं नाही. दत्तजयंती जवळ आली तेव्हा मी ठरवून टाकलं की या वेळी मृदंग घेऊन जायचा तो परत आणायचा नाही. सगुणामायकडे सोपवायचा आणि या जन्मापुरतं वाजवणं बंद.

खैरलांजीला बसमधून उतरले तर गावाकडे जाणारं काहीच नव्हतं. मृदंग कडेवर घेऊन चालायला लागले. मागून एक मोटरसायकल आली. डोक्याला मफलर गुंडाळलेला, टोपलीत बोरं घेऊन बाजारातून परतणारा कुणी अनोळखी माणूस होता. त्यानं मृदंग स्वतःच्या पुढ्यात घेतला आणि मला मागे बसवलं. वाटेत ओरडून विचारलं, "काकी, हे बजाते कौन?"

"मी बजावते," मी म्हणाले.

"तो बढ़िया बजाती होंगी," तो म्हणाला, आणि खड्डा चुकवण्यात गुंतला. त्याला बुवा माहीत नव्हते, पाऊल माहीत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारलं होतं आणि मी सरळ उत्तर दिलं होतं. थंडीत गाडीवर बसून मला उगाचच बरं वाटलं. गावाच्या वेशीवर त्यानं मला उतरवलं, पदरात मूठभर बोरं टाकली आणि निघून गेला. मी त्याचं नाव विचारायला विसरले.

सगुणामाय आता पार वाकली आहे, पण दत्तजयंतीला मृदंगाची कणीक तीच मळते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय त्याला घुमारा येत नाही, आणि ही कणीक मळायचा मान बुवांच्या घराचा. मी गेले तेव्हा ती दुपारच्या उन्हात परात घेऊन बसली होती. मी मृदंग तिच्यापुढे ठेवला.

"माय, हा तुले वापस देऊन टाकते. माह्यानं आता वाजत नाही."

"काहून? हात मोडला का तुहा?"

"हात चांगला हाये. पन तो कोनाचा हाये, तेच समजत नाही. बुवाचा का माहा?"

तिनं उजव्या हाताची मूठ वळली, आडवी करून कणकेवर दाबली आणि वरच्या बाजूला बोटाच्या टोकानं पाच टिंबं दिली. गोकुळाष्टमीला आपण कृष्णाची पावलं काढतो ना, अगदी तशी. परातीत तान्ह्या बाळाचं पाऊल उमटलं.

"हे असं केलतं," ती म्हणाली. "तवा पीठ कोरडं होतं, एवढाच फरक."

मला कळायला वेळ लागला. तीच बोलत राहिली. "तुहा आजा तीन दिवस ओसरीवर तोंड फिरवून बसला होता. तिसरीही पोरगीच झाली म्हनून. तुही माय जेवत नव्हती. भिंतीपल्याड मले सारं ऐकू ये. पहाटे मी एकटीनंच टोपलं उचललं त पीठ कोरंच. तेवढ्यात तू रडली. हात आपोआपच गेला, बापा. मी काही ठरवून नाही केलं."

"आनि बुवा माह्यात आला, हे?"

"ते मी नाही म्हटलं कोनाले! मी त नुसती रडत होती. लोकायनंच जुळवलं. तुहा आजा धावतच घरात गेला आनि तुले उचलून बाहेर घेऊन आला."

मी खांबाला टेकून बसले. इतक्या वर्षांचा माझा मागचा जन्म एका बाईच्या मुठीएवढा निघाला होता. नवरा जाऊन तीन दिवस झालेली बाई, स्वतःच्या दुःखात बुडालेली, आणि तिला शेजारच्या पोरीचं रडणं ऐकू आलं. मला रडू कोसळलं. तिनं कणकेचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला. थोड्या वेळानं मी नाक पुसत विचारलं, "बुवा वाजवत कसे होते, ते तरी खरं सांग."

"घाई करे," ती म्हणाली. "ताल सोडून पुढं पळे, आनि टाळकरी त्याच्या मागं. तुहा हात त्याच्याहून शंभरदा चांगला. पन मेलेल्या मानसाची इज्जत राहू द्यावी म्हनून मी चूप राह्यली."

मग मात्र मला इतकं हसू आलं की शेजारची सून काय झालं म्हणून बघायला आली. आम्ही दोघींनीही तिला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी दत्तजन्म झाला, पाळणा हलला, गुलाल उधळला. मी मृदंग मांडीवर घेतला. हात उचलताना नेहमीचा प्रश्न आला, पण या वेळी तो दाराशीच घुटमळला. मला सारखं सगुणामायचं एकच वाक्य ऐकू येत होतं, हात आपोआपच गेला. तिचा हात तिचा नव्हता, मग माझा तरी माझा कशाला हवा? थाप पडली. कणीक छान घुमली. पुढे भजन कसं रंगलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे हिशेब ठेवायला नव्हतेच. आरतीला उठले तेव्हा डावा तळहात लालभडक झाला होता आणि बोटं मोकळी होती. हा चमत्कार म्हणायचा की मनावरचं ओझं उतरलं म्हणायचं, यात मी पडत नाही.

सकाळी निघताना मृदंग सगुणामायनंच माझ्या हातात दिला. मी तिच्या पाया पडले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "माय, देवासमोर खोटं पाऊल काढताना तुले भेव नाही वाटलं?"

"खोटं कायचं?" ती म्हणाली. "मी देवाले तवाच सांगितलं, पोरीचं हे एक पाऊल मी काढून देल्लं. आता पुढं तिले चालवणं तुह्याकडं."

बस येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला मृदंग कवटाळून उभी होते. मी कोण, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता ते मी विचारतही नाही. माझ्या आधी माझ्यासाठी कुणीतरी देवाशी बोलून ठेवलं होतं आणि त्यानं ते आजवर पाळलं. त्याच्यापुढे बसले की माझ्याकडे आता मागणं उरत नाही. हात जोडते, आणि ते जोडलेले हात तसेच मृदंगाकडे जातात.